हात खिशात ठेवा, गहिनीनाथराव

विहिरीवरची जळालेली मोटार नुसती हुंगून तिचं दुखणं सांगतो, अशी गहिनीनाथची पाटोद्यात ख्याती होती. ही ख्याती बरीचशी त्यानं स्वतःच पसरवलेली. गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की तो उकिडवा बसायचा, नाक मोटारीजवळ न्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “स्टार्टिंगचं वाइंडिंग गेलंय.” आलेल्या मोटारींत बहुतेक वेळा तेच गेलेलं असतं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं.

बसस्थानकामागच्या पत्र्याच्या गाळ्यात तो मोटारी भरायचा. जळकं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, कापून काढायचं, तांब्याची नवी तार घालायची, वार्निश पाजायचं आणि मोटार परत विहिरीवर पाठवायची. हात असे चालायचे की बघत राहावं. अडचण एवढीच होती, की दुसऱ्या कुणाचे हात त्याला बघवायचे नाहीत. दुकानात कितीतरी माणसं काम शिकायला आली. एखाद्यानं तार हातात घेतली की गहिनीनाथ थोडा वेळ चुळबुळत बघायचा, मग त्याला खांद्यानं ढकलून म्हणायचा, “सर बाजूला.” मग काम तो करायचा आणि शिकाऊ माणूस चहा आणायला जायचा. चहा आणण्यात तरबेज झालेली बरीच माणसं त्या दुकानातून बाहेर पडली. मोटार भरणारा एकही नाही. पुढं लोक त्याला ‘सर’ म्हणायला लागले, तेव्हा त्याची बायको मंगल म्हणाली, “आजवर हा शब्द तुमी लोकांला हाकलायलाच वापरला.”

तर हा माणूस शिक्षक व्हायला निघाला, त्याचं कारण एक खिचडीचं पातेलं.

तालुक्यातल्या एका शाळेत ‘व्यवसाय मार्गदर्शन’ असा कार्यक्रम होता. बोलायला बीडहून एक डॉक्टर येणार होते, ते आलेच नाहीत. ऐनवेळी कुणाला तरी सुचलं, गहिनीनाथला बोलवा, तोबी व्यावसायिकच हाय. शाल, नारळ, गुलाबाचं फूल डॉक्टरांच्या नावानं आणलेलं तयारच होतं. गहिनीनाथनं माईक धरला आणि उसाच्या फडातून मोटारीपर्यंत आपण कसे आलो ते सांगितलं. आईबाप तोडीला जायचे, कारखान्याच्या आवारात एक बंद पंप पडलेला असायचा, तो आपण कसा उघडला आणि कसा मार खाल्ला, हे त्यानं इतकं रंगवलं की पोरं खो खो हसली. भाषण संपलं आणि टाळ्या पडल्या. त्या काही केल्या थांबेनात. मागच्या बाजूला त्याच वेळी खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं होतं, हे त्याला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र त्याची खात्री पटली, की आपण जन्मजात मास्तर आहोत आणि उगाच तारेत गुंतून पडलोय.

त्याच व्यासपीठावर शिवशंकर सर बसले होते. ते तालुक्यातल्या एका खाजगी आयटीआयचे प्राचार्य. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी त्याचा हात धरला.

“गहिनीनाथराव, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं पाहिजे. निदेशक म्हणून.”

“मग येतो की उद्यापासून.”

“आता तसं जमत न्हाई. नुसत्या आयटीआयवर भागत न्हाई. शिकवायची पदवी लागते. मुक्त विद्यापीठाची हाय, व्यवसाय शिक्षणाची. रविवारी बीडला वर्ग असतेत. तीन वर्षं.”

तीन वर्षं हा आकडा त्याला अपमानासारखा वाटला. एका भाषणात एवढ्या टाळ्या घेणाऱ्या माणसाला तीन वर्षं कशाला? पण नियम म्हणजे नियम. त्यानं त्याच आठवड्यात नाव घातलं आणि घरी येऊन मंगलला सांगितलं, “मी निदेशक होणार.”

मंगल अंगणवाडीत मदतनीस होती. दिवसभर वीस पोरांना सांभाळून आलेली बाई सहजासहजी चकित होत नाही.

“निदेशक म्हंजी? पिच्चरचा?”

“हिंदी पिच्चरचा तो निर्देशक. मी निदेशक, आयटीआयत शिकवणारा. त्याच्यात रफार न्हाई.”

“रफार गेला की पगार बी जातो का?” मंगलनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर पुढं होकारार्थी निघालं.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर गहिनीनाथनं दोन-तीन रविवार जाऊन पाहिलं असतं आणि गुपचूप सोडून दिलं असतं. असं तो स्वतःच सांगतो. पण मध्ये धर्मराज आप्पा आले. आप्पा पंचायत समितीचे माजी सदस्य. पुन्हा सदस्य व्हायची त्यांना घाई झाली होती, त्यामुळे तालुक्यात कुणाचं काहीही झालं तरी ते अभिनंदन करत. एके सकाळी गहिनीनाथ दुकान उघडायला निघाला, तर चौकात मोठा फ्लेक्स. वर आप्पांचा हात जोडलेला फोटो, खाली कोपऱ्यात गहिनीनाथचा आधार कार्डावरचा फोटो, आणि मजकूर: ‘आपल्या तालुक्याचे भूषण मा. गहिनीनाथभाऊ यांची निर्देशकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ गेलेला रफार परत आला होता.

तो पळत आप्पांकडं गेला. “आप्पा, निवड कशाची? नुसतं नाव घातलंय अजून!”

“अरं, आपण निकालाच्या आदी गुलाल घेऊन ठिवतो का न्हाई? तसंच हे.”

“आन मी नापास झालो तर?”

आप्पा गंभीर झाले. “फ्लेक्स लागल्यावर माणूस नापास होत नसतो, गहिनीनाथ.”

पुढचे काही आठवडे लोक मोटारी घेऊन यायचे आणि पिक्चरचं विचारायचे. एक ओळखीचा शेतकरी तर भाच्यालाच घेऊन आला. “नाकीडोळी बरा हाय. हिरोचं नको, साईडचं बगा काहीतरी.” गहिनीनाथनं खुलासा करायचं सोडून दिलं. डिग्री सोडायची वाट मात्र त्या फ्लेक्सनं पुरती बंद केली.

रविवारी सकाळच्या एसटीनं तो बीडला जायचा. लिंबागणेश आलं की खिडकीतून गणपतीच्या दिशेनं नमस्कार करायचा. पहिल्या वर्षी एका हातानं, निकाल लागल्यावर दोन्ही हातांनी.

अभ्यासकेंद्रावर त्याच्यासारखीच वाढलेली माणसं होती. कुणी शिवणकामाचे क्लास घेणारी, कुणी पार्लर चालवणारी, कुणी कॉम्प्युटर शिकवणारा. सगळ्यांना हातानं काम येत होतं आणि सगळ्यांना पुस्तक उघडलं की झोप येत होती. गहिनीनाथला तर पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात चूक सापडली. एका ओळीत ‘अध्यापन’ छापलं होतं आणि दुसऱ्या ओळीत ‘अध्ययन’. त्यानं वर्गात हात वर करून सांगितलं, की एवढं मोठं विद्यापीठ आणि छपाई धड नाही.

मार्गदर्शक वैष्णवी मॅडम होत्या. वयानं त्याच्या पुतणीएवढ्या. त्या म्हणाल्या, “चूक नाही ती. अध्यापन म्हणजे शिकवणं, अध्ययन म्हणजे शिकणं.”

“पर मॅडम, मी शिकवलं म्हंजी समोरचा शिकलाच की. त्याला दोन शब्द कशाला?”

मॅडम थोडं हसल्या आणि म्हणाल्या, “बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ त्याला दुसऱ्या वर्षी कळला.

पहिल्या वर्षी तो शैक्षणिक मानसशास्त्रात नापास झाला. दुकानात त्यानं सांगितलं, की पेपर बदलले गेले असणार. मंगलला तसं सांगायची त्याची छाती झाली नाही. ती नुसतं म्हणाली, “दुसऱ्याच्या मनाचा पेपर व्हता. तुमाला कसा जाईल?” तो विषय पुढच्या वर्षी कसाबसा निघाला. त्याच वर्षी पाठाचा सराव सुरू झाला.

सराव पाठ म्हणजे आपल्याच वर्गातल्या माणसांना विद्यार्थी बनवायचं आणि शिकवायचं. गहिनीनाथ दुकानातली एक छोटी मोटार पोत्यात घालून एसटीनं घेऊन गेला. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, त्यावरून भांडण झालं. तरी त्याचा उत्साह उतरला नव्हता. विषय होता मोटारीचं कनेक्शन. त्यानं फळ्यावर आकृती काढली, फळ्याकडंच तोंड करून समजावली, आणि पार्लरवाल्या ताईंना पुढं बोलावलं. ताईंनी पक्कड हातात घेतली. उलटी घेतली.

गहिनीनाथनं मनातल्या मनात स्वतःला आवरलं. ताईंनी पक्कड सुलटी केली आणि भलतीच तार सोलायला घेतली. पुढचं आपल्याला आठवत नाही, असं तो सांगतो. वर्गातल्या सगळ्यांना मात्र चांगलं आठवतं. त्यानं खांद्यानं ताईंना ढकललं, “सर बाजूला” म्हणाला, पक्कड हिसकावली, तारा सोलल्या, जोडल्या, बटण दाबलं. मोटार गरगर फिरली. त्यानं वर बघितलं, आता टाळ्या पडतील म्हणून. तास निम्माही झाला नव्हता. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

वैष्णवी मॅडम मागच्या बाकावरून उठल्या. “पाठ छान झाला. वर्गात शिकणारा एकच होता, तो पास झाला.”

“कोण, मॅडम?”

“तुम्हीच. बाकीच्यांनी तमाशा बघितला.” मग त्या जवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “पुढच्या पाठाला हात खिशात ठेवा, गहिनीनाथराव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

परतीच्या एसटीत मोटार मांडीवर घेऊन तो धुमसत होता. घरी आल्याआल्या मंगलला म्हणाला, “ती मॅडम मोटारीतलं काय जाणती? पुस्तकं वाचून आलीय नुसती. म्हनं हात खिशात ठिवा. हात खिशात ठिवून कुणी शिकवलंय का आजवर?”

मंगल भाकरी थापत होती. ती थांबली.

“तुमी मला स्कुटी शिकवली तवा काय झालतं?”

“ते कावून काढती आता?”

ते काढण्यासारखंच होतं. मंगलला स्कुटी शिकायची होती आणि शिकवणार अर्थातच गहिनीनाथ. तो मागं बसायचा. ती हँडल धरायची आणि तिच्या हातांवरून तोही हँडल धरायचा. ती ब्रेक दाबायची तेव्हा तो रेस द्यायचा. चतुर्थीला लिंबागणेशच्या रस्त्यावर, दर्शनाला आलेल्या सगळ्या गर्दीसमोर, दोघं मिळून रस्त्याच्या कडेला असलेल्या केळीवाल्याच्या गाड्यात शिरले. केळीवाल्यानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं आणि दोघंही खरं बोलत होते.

“मग मी शिकले कशी?” मंगलनं विचारलं. “तुमी तोडीच्या टायमाला मोटारी भरायला कारखान्याकडं गेलते तवा. एकटीच गेले माळावर. पडले, उठले, आले.”

गहिनीनाथनं ताट ओढून घेतलं. भाकरी खाल्ली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं ते अध्यापन आणि अध्ययनाचं पान झोप न येता वाचलं, आणि वाचताना त्याला मधूनमधून केळी दिसत राहिली.

शेवटच्या वर्षी खऱ्या वर्गावर शिकवायचं होतं. त्याला वडवणीचं एक प्रशिक्षण केंद्र मिळालं. उन्हाळ्यात तोडीहून परतलेल्या माणसांसाठी तिथं पंप दुरुस्तीचा वर्ग चालायचा. वर्गात बाया होत्या, बाप्ये होते, आणि पहिल्या रांगेत केशरबाई होती. चाळिशीची, अंगानं काटक, आवाजानं दणकट. टोळीबरोबर तिचं निम्मं आयुष्य फडावर गेलेलं. “तिकडं पानी वडायचा पंप बंद पडला की मुकादम चार दिवस मिस्त्री आणत न्हाई,” ती म्हणाली. “म्हणून शिकायला आले.”

गहिनीनाथ हात खिशात घालून उभा राहिला. मे महिना होता, पत्रा तापला होता, घामानं पँट पायाला चिकटली होती.

केशरबाईनं थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं. “सर, थंडी वाजती का?”

वर्ग हसला. त्यानं हात काढले, मॅडमची आठवण झाली, परत घातले. समोर एक जण स्क्रू भलत्याच बाजूला पिळत होता. गहिनीनाथची बोटं खिशात आपोआप सुलट बाजूला फिरत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मंगलला उजव्या खिशाचं अस्तर फाटलेलं सापडलं. ती म्हणाली, “शिकवायला गेलते का कुणाशी झोंबायला?”

हातांचं कसंतरी जमत आलं, तोवर केशरबाईचं ‘कावून’ सुरू झालं. तिला काहीही दाखवा, तिला त्याचं कारण पाहिजे असायचं: कावून? एके दिवशी त्यानं उघडलेल्या मोटारीतली दोन वाइंडिंगं दाखवली. ही रनिंगची, जाड तारेची. ही स्टार्टिंगची, बारीक तारेची.

“बारीक कावून?”

“स्टार्टिंगची बारीकच असती.”

“पर कावून?”

“कंपनीच तशी करती.”

“कंपनी तरी कावून करती?”

गहिनीनाथनं घसा साफ केला. “उद्याच्याला तो भाग हाय. उद्या सांगतो.”

वडवणीहून बीड आणि बीडहून पाटोदा, एवढा प्रवासभर तो उत्तर शोधत होता आणि उत्तर सापडत नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं शेकडो मोटारींत त्यानं बारीक तार घातली होती. ज्याच्या हाताखाली काम शिकला त्या उस्तादानं घातली म्हणून त्यानं घातली. नाक लावून निदान करणाऱ्या माणसाला कधी हा प्रश्नच पडला नव्हता. दुकानाच्या दारात पडलेल्या जळक्या मोटारी आपल्याकडं बघून हसताहेत, असं त्याला वाटलं. शेवटी त्यानं वैष्णवी मॅडमला फोन लावला.

“मला मोटारीतलं खरंच कळत नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही पुस्तक बघा. आणि नाहीच सापडलं तर वर्गाला सरळ सांगा, मला माहीत नाही म्हणून.”

“असं कसं सांगायचं, मॅडम? मी सर हाय.”

“म्हणूनच सांगायचं.”

माळ्यावरून आयटीआयचं जुनं पुस्तक निघालं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलेलं पान आता पहिल्यांदा त्याला समजलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तो म्हणाला, “नुसतं रनिंगचं वाइंडिंग असलं की मोटार गुणगुणती, पर फिरत न्हाई. कोणत्या बाजूला फिरायचं तेच तिला कळत न्हाई. बैलगाडी चिखलात रुतली तर बैल नुसते हिसडे देतेत. मग एक जण चाकाला खांदा लावतो. चाक एकदा फिरलं, की खांदा काढला तरी गाडी चालती. स्टार्टिंग म्हंजी तो खांदा. तो सुरवातीपुरताच लागतो, त्याला जाड तार कशाला? आन तार बारीक असली की दोन्हीचा जोर एकाच वक्ताला येत न्हाई, मागंपुढं येतो. त्या मागंपुढं येण्यानंच फिरायची बाजू ठरती.”

गाडीचं उदाहरण म्हटल्यावर सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकानं उसाच्या गाडीला खांदा लावलेला होता. केशरबाई मात्र नाराज दिसली.

“एवढं सोपं व्हतं तर काल कावून न्हाई सांगितलं?”

“काल मलाच म्हाईत नव्हतं.”

वाक्य तोंडातून गेलं आणि तो छताकडं बघत राहिला. छत जागेवरच होतं. वर्ग हसला, पण त्या हसण्यात कुणी त्याला खाली ओढत नव्हतं. त्यानंतर लोक जास्तच प्रश्न विचारायला लागले, आणि त्याला रोज परतीच्या एसटीत पुस्तक उघडून बसावं लागलं.

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक आले. पांढरा शर्ट, छातीवर पेन, चेहऱ्यावर काहीच नाही. वैष्णवी मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. गहिनीनाथनं नवी पँट घातली होती, खिसे तपासून घेतली होती. बोर्डावर मोटार जोडायला त्यानं केशरबाईला बोलावलं. तिनं पदर खोचला आणि काम सुरू केलं. एकेक तार सोलली, नीट पीळ दिला, स्क्रूखाली घातली. सगळं सुरेख चाललं होतं आणि शेवटच्या क्षणी तिनं फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच स्क्रूखाली आवळल्या.

गहिनीनाथला ते दिसलं. सगळ्या शरीराला दिसलं. हात खिशातून अर्धे बाहेर आले. त्याला वैष्णवी मॅडम दिसल्या, केळीचा गाडा दिसला. त्यानं हात परत आत दाबले. बोर्डाला एमसीबी होता, गडबड झाली की तो आपोआप वीज तोडतो, कुणाला काही होणार नव्हतं. चुकू दे. माणूस चुकल्याशिवाय शिकत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं होतं आणि परीक्षक ते बघत होते. त्याला स्वतःचा अभिमानही वाटला. तो गोड आवाजात म्हणाला, “आता चालू करा.”

केशरबाईनं बटण दाबलं. ठप्प असा आवाज झाला आणि वर्गातला पंखा थांबला. मग बाजूच्या खोलीतला थांबला. मग शिवणवर्गातून बायांचा ओरडा ऐकू आला. बोर्डाचा एमसीबी पडलाच होता, त्याच्याबरोबर इमारतीचा मेनसुद्धा गेला होता. परीक्षकांच्या कपाळावर घाम जमायला लागला.

“काय झालं असंल?” गहिनीनाथनं वर्गाला विचारलं. हात अजून खिशातच होते. सगळे बोर्डाभोवती गोळा झाले. एकानं तार गरम लागते का बघायला सांगितलं. एकानं मोटारच खराब आहे म्हणून निकाल दिला. केशरबाई वाकून एकेक स्क्रू बघत गेली आणि एकदम थांबली.

“अगं बया! येणारी आन जाणारी एकीतच घातली की मी.”

तिनं स्वतः तारा सोडवल्या, परत जोडल्या. कुणीतरी जाऊन मेन चालू केला. या वेळी मोटार फिरली आणि अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथनं मागं वळून बघितलं. खिचडी कुठंही नव्हती.

परीक्षक उठले. आता ते शाबासकी देणार, अशी गहिनीनाथनं मनाशी तयारीही केली होती.

“सिरीज बोर्ड कुठं आहे तुमचा?” त्यांनी विचारलं.

गहिनीनाथनं टेबलावर, टेबलाखाली बघितलं. नवं कनेक्शन आधी सिरीज बोर्डावर, बल्ब लावून तपासायचं, आणि बल्ब भक्कन पेटला की चूक आहे असं समजायचं. हे तर कोणताही मिस्त्री करतो. तो स्वतः दुकानात रोज करायचा. आज हात खिशात ठेवायच्या नादात डोकंही खिशात गेलं होतं.

“राहिला, सर.”

“शिकवणाऱ्यानं काम हिसकावून घेऊ नये, हे बरोबर. पण इमारत अंधारात घालून शिकवायचं असं कुणी सांगितलं? बाई पुढं एखाद्या विहिरीवर असाच थेट सप्लाय देतील तर?”

“सर, हिसकायची सवय मोडायलाच तीन वर्षं गेली,” गहिनीनाथ म्हणाला. “आता मधली वाट शोधतो.” परीक्षकांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. सुरक्षिततेचे गुण त्यांनी तरीही सगळे कापले. वैष्णवी मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, “खिसे मात्र शाबूत राहिले.” परीक्षक गेल्यावर गहिनीनाथनं सिरीज बोर्ड मागवला आणि केशरबाईसकट सगळ्या वर्गाकडून ते कनेक्शन पुन्हा करून घेतलं.

निकाल लागला. द्वितीय श्रेणी. आप्पांनी या वेळी फ्लेक्स लावला नाही, कारण निवडणूक होऊन गेली होती. मंगलनं अंगणवाडीत पेढे वाटले आणि पोरांना सांगितलं, की आमच्या घरातला मोठा पोरगा पास झाला.

पदवी घेऊन गहिनीनाथ शिवशंकर सरांकडं गेला. सर खूश झाले, चहा मागवला आणि मग बराच वेळ चहाकडंच बघत बसले. इलेक्ट्रिशियनची जागा मधल्या काळात भरली गेली होती. कुणाचा तरी जावई होता.

“एक विषय मात्र मोकळा हाय,” ते म्हणाले. “रोजगार कौशल्य. तासिकेवर, जेवढे तास तेवढे पैसे. मुलाखत कशी द्यायची, चारचौघांत कसं बोलायचं, हे शिकवायचं. पुढं जागा झाली की तुमाला तुमचा ट्रेड देऊ.”

मोटारीसाठी तीन वर्षं घासली आणि मिळाली मुलाखत. आणि मुलाखतीचं म्हणाल तर गहिनीनाथनं आयुष्यात एकच दिली होती, तरुणपणी पुण्याकडच्या एका कारखान्यात. तिथल्या साहेबानं विचारलं होतं, “पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?” त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “गावाकडं.” त्यांनी त्याला त्याच दिवशी गावाकडं पाठवलं.

तरी त्यानं हो म्हटलं. आठवड्यातले थोडे दिवस दुकान, थोडे दिवस आयटीआय. मिळतं त्यात चहापाणी आणि एसटी निघते, मंगलच्या रफाराचा हिशेब बरोबर आला. पण तो तास चुकवत नाही.

परवाच्या तासाला त्यानं वर्गात लुटुपुटूची मुलाखत ठेवली. विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे. कुणीच उठेना. सगळे खाली बघत बसले. शेवटी तो म्हणाला, “बरं, माझी घ्या.” यावर मात्र सगळा वर्ग जागा झाला. तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. मधल्या खुर्चीवर वर्षाराणी बसली, वायरमन ट्रेडची, एरवी हजेरीलासुद्धा हळू आवाजात ‘हजर’ म्हणणारी.

“बसा,” ती म्हणाली. “नाव?”

“गहिनीनाथ.”

“तुमचं चांगलं दुकान चालतंय. मग ही नोकरी कशाला पाहिजे?”

याचं उत्तर त्यानं स्वतःच त्यांना शिकवलेलं होतं: माझ्या ज्ञानाचा समाजाला उपयोग व्हावा, वगैरे. ते ओठापर्यंत आलं, पण समोर ती इतकी गंभीर बसली होती की त्याला खोटं बोलवेना.

“खरं सांगू का, मॅडम? आजवर लई मोटारी दुरुस्त केल्या. एकीनंबी परत येऊन मला ‘सर’ म्हणलं न्हाई.”

वर्ग हसला. वर्षाराणी हसली नाही. तिनं दोन्ही बाजूंच्या पॅनलशी डोकं जवळ नेऊन कुजबुज केली.

“प्रश्न संपायच्या आत तुमी बोलायला तोंड उघडता,” ती म्हणाली. “आन बसताना आमची परवानगी घेतली न्हाई.”

“तुमीच ‘बसा’ म्हणल्या की!”

“मी म्हणायच्या आदीच बसला व्हता. नापास. परत तयारी करून या.”

बाकं बडवत वर्ग हसत सुटला. गहिनीनाथ उठला, पॅनलला वाकून नमस्कार केला, बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात ऊन होतं. त्यानं शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि दार वाजवलं.

“आत येऊ का, मॅडम?”

वर्षाराणीनं घड्याळात बघितलं आणि त्याला थोडं थांबायला सांगितलं.